पट्टीमास्तर आणि चौकटीवरच्या रेघा

माझ्या भावोजींना अख्खा तालुका ‘पट्टीमास्तर’ म्हणतो. शाळेतले मास्तर नव्हेत हो ते. त्यांनी उभ्या जन्मात कुणाला दोन अक्षरं शिकवली असतील तर मी नाव बदलीन. धक्क्याच्या शेवटच्या खांबावर एक पांढरी लाकडी पट्टी ठोकलेली आहे, तिच्यावर काळ्या रंगात फूट आणि इंच. भरती पुरी चढली की पाणी कितीवर आलं, ओहोटी पुरी उतरली की कितीवर गेलं, ते बघायचं आणि वेळेसकट वहीत लिहायचं. संपलं काम. बंदर खात्याची कायम नोकरी. ती त्यांनी एकतीस वर्षं केली, निदान असं सगळे म्हणतात.

मी त्यांची मेहुणी. लग्नानंतर दोन वर्षांत माझा नवरा गेला, तेव्हा ताईने मला तिच्या घरातली मागची खोली दिली. तिथून मी रोज धक्क्यापलीकडच्या कारखान्यात जायची, मासळी डब्यात भरायला. बावीस वर्षं उभी राहून डबे भरले. कारखाना बंद पडला, मी मात्र त्या खोलीतच राहिले. सत्तावीस वर्षं भावोजींच्या छपराखाली काढली, तेव्हा खाल्ल्या मिठाला जागायचं तर मी तोंड उघडू नये. पण ते मीठही ताईच वाढायची, म्हणून बोलते.

आमचा मुलूख म्हणजे चिखल, लव्हाळी आणि वारा. डोंगर बघायचा तर दिवसभर बसने जावं लागतं. आमच्या पणजोबा-खापरपणजोबांनी खाडीच्या तोंडाला मातीचा बांध घातला आणि समुद्राच्या ताटातली जमीन ओढून घेतली. त्यामुळे आमच्या खालच्या आळीची गंमत अशी, की समुद्रावर जायचं तर आधी चढावं लागतं. बांधाच्या अंगाला साठ घरं, त्यात आमचं तिसरं. कचेरी, दवाखाना, शाळा सगळं वरच्या आळीत, उंचवट्यावर. तिथल्या लोकांचे पाय कधी ओले होत नाहीत. समुद्राचं मन फिरलं की जमीन परत मागतो, आणि ती मागतो आमच्याकडून.

म्हणून तर ती पट्टी. पाणी किती चढतं हे कुणीतरी रोज डोळ्यांनी बघावं, एवढाच तिचा अर्थ.

भावोजींनी पहिली दोन वर्षं इमानाने बघितलं. मग त्यांच्या ध्यानात आलं की भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, आणि पंधरा दिवसांनी चंद्राबरोबर तेच आकडे फिरून येतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण भावोजींना वाटलं आपल्याला विश्वाचं गुपित सापडलं. धक्का घरापासून अर्धा कोस, बांधावरून जायचं, वारा अंगावर. मग कशाला जायचं? त्यांनी कॅलेंडरमध्ये चंद्र बघायचा, दोन वर्षांपूर्वीची वही उघडायची, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून चहाबरोबर आकडे उतरवून काढायचे. मधूनच एखादा इंच इकडेतिकडे करायचा. त्याला ते ‘नैसर्गिक फरक’ म्हणायचे.

अक्षर मात्र मोत्यासारखं. जिल्ह्याच्या कचेरीत म्हणे त्यांच्या वह्या नवीन लोकांना दाखवायचे, नोंद कशी ठेवावी म्हणून. डोंबल!

एका वर्षी वादळात ती पट्टीच वाहून गेली. खोटं नाही सांगत. मी कारखान्यात जाता-येता रोज बघत होते, खांब नागवा, चार गंजके खिळे तेवढे बाहेर आलेले. संध्याकाळी घरी यावं तर भावोजी टेबलाशी, मान तिरकी करून लिहितायत, ‘अकरा फूट चार इंच’.

मी म्हटलं, "भावोजी, कशावर वाचलंत? पट्टी तर गेली."

ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुला कारखान्यात किती डबे भरायचे ते मी सांगायला येतो का?"

सहा महिने पट्टीशिवाय पट्टी वाचली त्या माणसाने. सातव्या महिन्यात तपासणीचं पत्र आलं तेव्हा धावत जाऊन सुताराकडून नवी करून घेतली. आणि मी काय केलं? काही नाही. मागच्या खोलीत जाऊन पडले. कुठे बोलले असते तर दुसऱ्या दिवशी माझं बोचकं रस्त्यावर आलं असतं, हे मला कळत होतं. तेव्हा थुंकायचंच झालं तर थोडं माझ्यावरही थुंका, माझी हरकत नाही.

आता ताईचं सांगते. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बोलायला कमी, कामाला वाघ. तिला एकच मूल झालं. मुलगा. नऊ दिवस जगला. दहाव्या दिवशी सकाळी तिने त्याचे धुतलेले कपडे घड्या करून पेटीत ठेवले, आणि ती पेटी पुन्हा उघडली नाही. पुढे काही झालं नाही. खालच्या आळीतल्या प्रत्येक घराला हे माहीत आहे, कारण त्या दहाव्या दिवशी प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी आमच्या दारात उभं होतं.

तर पाणी. चंद्राला विचारून येतं ते पाणी वेगळं, आणि मागून वादळाने ढकललेलं पाणी वेगळं. दुसरं पाणी वहीत बघून येत नाही. एकतीस वर्षांत ते सात वेळा बांधावरून आत आलं. पहिल्या वेळी भर दुपारी आलं. ताई चुलीपाशी होती, मी कारखान्यात. भावोजी वरच्या आळीत दाढी करायला गेले होते, ते तिथेच थांबले, तीन दिवस. पाणी उतरल्यावर ताईने भिंतीवरचा चिखल धुण्याआधी भाजी चिरायची सुरी घेतली आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर, डाव्या बाजूला, पाणी जिथवर चढलं होतं तिथे आडवी रेघ मारली. शेजारी तारीख कोरली.

"कशाला गं?" मी विचारलं.

"विसरायला नको," ती म्हणाली.

सात वेळा पाणी, सात रेघा. सगळ्यांत खालची गुडघ्याच्या वर, सगळ्यांत वरची जमिनीपासून चार फुटांवर, माझ्या छातीशी. त्या वेळी शेजारच्या म्हातारीला आम्ही दार उखडून त्यावर झोपवून बांधापर्यंत नेलं. आणि त्या दिवसाची भावोजींची नोंद काय? ‘बारा फूट एक इंच. हवामान स्वच्छ.’ मी वही उघडून वाचली आहे. वही तेवढी कोरडी होती, कारण ती ते बरोबर घेऊन वर पळाले होते.

घरात पाणी कसं आलं म्हणून कुणी विचारलं तर म्हणायचे, "गटार तुंबलं असेल." चार फूट पाणी, गटारातून!

बरं, एवढ्यावर थांबतील तर ते भावोजी कसले. निवृत्त झाल्यावर त्यांनी ‘आपल्या किनाऱ्याचा इतिहास’ लिहायला घेतला. रोज सकाळी टेबल त्यांचं, ताईने भाजी जमिनीवर बसून चिरायची. त्यांच्या इतिहासात आमच्या चिखलात मोठं बंदर होतं, तिथे सात देशांची गलबतं येत. कुठून काढलं हे? तर "परंपरेने ज्ञात आहे". मातीचा बांध घालताना जे बुडाले, मिठागरात ज्यांच्या पायांच्या चिंध्या झाल्या, डबे भरताना ज्यांची बोटं गेली, त्यांचा शब्द नाही. उलट पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात: ‘हा किनारा स्वभावतः शांत असून येथे पूर आल्याची नोंद नाही.’ नोंद कशी असेल? नोंद ठेवणारा दाढी करत होता.

हे सगळं असंच चाललं असतं. पण गेल्या वर्षी जिल्ह्याने ठरवलं, जुना मातीचा बांध काढायचा आणि काँक्रीटची भिंत घालायची. त्यासाठी एक इंजिनीअरबाई आली. तरुण, गमबूट घातलेली, चार शब्द कमी बोलणारी. मला बघताक्षणी आवडली. तिला हवं होतं पाणी आजवर जास्तीत जास्त किती चढलं. तिच्यापुढे भावोजींच्या एकतीस वह्या ठेवल्या. एकही दिवस चुकलेला नाही. बाई बिचारी हरखूनच गेली. म्हणाली, असं काम मी कुठे बघितलं नाही. बघणार कुठून, असं काम होतच नाही कुठे!

वहीतला सगळ्यांत मोठा आकडा तेरा फूट दोन इंच. त्यात दोन फूट मिळवायचे, की भिंत. म्हणजे पंधरा फूट आणि वर थोडी. आता आमच्या स्वयंपाकघराची जमीन त्याच पट्टीच्या हिशेबाने तेरा फुटांवर आहे, हे भावोजींनीच कधीतरी ऐटीत मोजून सांगितलं होतं. त्यावर ताईची चार फुटांची रेघ. सतरा फूट. भिंत पंधराची, पाणी सतराचं. आणि काँक्रीट एकदा ओतलं की पन्नास वर्षं कुणी हात लावत नाही.

शाळा चार इयत्ता शिकलेल्या ताईने ही बेरीज भाकरी थापता थापता केली असेल. त्या दिवशी जेवण वाढलं आणि ती उभीच राहिली.

"अहो, तुम्ही त्यांना सांगा."

"काय सांगू?"

"की आकडे खरे नाहीत."

भावोजींचा घास हातातच राहिला. मग त्यांनी तो सावकाश खाल्ला. "शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये सभा आहे," ते म्हणाले. "नकाशा मंजूर होणार, आणि मला मानपत्र देणार आहेत. घड्याळही. एकतीस वर्षांच्या अखंड सेवेबद्दल. आता उठून सांगू, की मी खोटारडा आहे?"

"साठ घरं आहेत, अहो."

"पाणी येईलच असं कुणी सांगितलं?"

"सात वेळा आलंय."

"नोंद नाही," भावोजी म्हणाले आणि ताक मागितलं.

मी मागच्या दारात उभी होते. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणता, की ताकाचं भांडं त्यांच्या डोक्यावर उपडं करावं. पण ताईने ताक वाढलं.

इंजिनीअरबाईने सभेनंतर घरी चहाला येते म्हणून कळवलं होतं. एवढ्या मोठ्या नोंदकाराचं टेबल तिला बघायचं होतं. झालं! भावोजींची जी धावपळ सुरू झाली! पडदे धुवा, खुर्च्या पुसा. शुक्रवारी सकाळी मी ऐकलं, ते रस्त्यावर सुताराला सांगत होते, "उद्या सकाळी ये. स्वयंपाकघराच्या चौकटीवर फार ओरखडे पडलेत. चांगला रंधा मार, एक सूतही दिसता कामा नये. वरून रंग."

मी तडक आत गेले आणि ताईला सांगितलं. मला वाटलं रडेल. तिने हातातलं फडकं पिळलं, दोरीवर टाकलं आणि विचारलं, "पहार कुठे आहे?"

भावोजी दुपारी मानपत्राचा मजकूर तपासायला वरच्या आळीत गेले, तेव्हा आम्ही दोघींनी चौकट काढली. चौकट काढणं सोपं असतं असं कुणी समजू नये. दोन म्हाताऱ्या बायका, एक पहार, एक हातोडी. गिलावा पडून डोळ्यांत गेला, माझं नख उलटलं. ताई एकेका खिळ्याला जोर लावत होती आणि मी अशा शिव्या घालत होते, की कारखान्यातल्या बायका असत्या तर टाळ्या वाजवल्या असत्या. शेवटी डावी बाजू अख्खी सुटून हातात आली. जमिनीला टेकलेलं टोक कुठलं ते ताईने खडूने लिहून ठेवलं. किती बारीक डोकं बघा! आम्ही ती चादरीत गुंडाळून माझ्या पलंगाखाली सरकवली.

संध्याकाळी भावोजींनी दाराचं भगदाड बघितलं. "हे काय?"

"वाळवी," ताई म्हणाली. माझ्या माहितीत तिच्या आयुष्यातलं ते पहिलं खोटं.

"बरं झालं, रंधा वाचला," ते म्हणाले. वाळवी कुठे लागली, बाकी घराचं काय, एक प्रश्न नाही. माणूस खूश होऊन झोपला.

शनिवारी हॉल भरला होता. वरच्या आळीचे पुढच्या खुर्च्यांवर, खालच्या आळीचे भिंतीला टेकून. फळ्यावर भिंतीचा नकाशा. भावोजी कोट घालून मधोमध. कुणी सभापती उठले आणि भावोजींना समुद्राचे विश्वासू पहारेकरी वगैरे म्हणाले. घड्याळ दिलं. भावोजींनी ते तिथल्या तिथे मनगटावर चढवलं आणि हात जरा पुढेच धरून बसले. मग इंजिनीअरबाईने विचारलं, नकाशाबद्दल कुणाला काही बोलायचंय का.

ताई उठली. मी चादरीचं मागचं टोक धरलं, तिने पुढचं, आणि खुर्च्यांच्या मधून आम्ही ते लाकूड घेऊन गेलो. टेबलावर ठेवून तिने चादर सोडली.

"आमच्या स्वयंपाकघराच्या दाराची बाजू आहे," ती इंजिनीअरबाईला म्हणाली. एकेक शब्द खणखणीत. "खडू आहे ते खालचं टोक. वादळात पाणी जिथवर आलं तिथे मी रेघा मारल्यात. ही सगळ्यांत वरची. तुम्ही येऊन मोजा."

बाई वाकली. तिने तारखा वाचल्या, एकेका रेघेवर बोट ठेवलं. मग वह्या चाळल्या, मग भावोजींकडे बघितलं. "सर, या तारखांना तुमच्या नोंदी बारा फुटांच्या आसपास आहेत. हे काय आहे?"

माणसाला एक संधी मिळते ना, ती हीच. चुकलं म्हणायचं. दोन शब्द. आम्ही खालच्या आळीचे लोक, आम्ही काय खाल्लं असतं का त्यांना? उलट कुणीतरी पाणी आणून दिलं असतं.

भावोजी हसले. खरंच हसले. "काही नाही हो बाई," ते म्हणाले. "बायकांना काय कळतं. घरोघरी असतात तशा रेघा आहेत या. आमच्या मुलांची उंची मोजायचो, वाढदिवसाला."

बाई बाहेरगावची. तिने मान हलवली आणि सरळ उभी राहिली. तिला खरं वाटलं. रेघा दोन फुटांपासून चार फुटांपर्यंत, शेजारी तारखा, का नाही वाटणार?

पण भिंतीला टेकलेल्या साठ घरांमधलं कुणी हललं नाही. मी ताईकडे बघितलं. तिने लाकडावरचा हात काढला नव्हता. तिचा चेहरा मी त्या दहाव्या दिवशी बघितला होता, तेव्हाही तो असा नव्हता.

"अहो," ती हळूच म्हणाली, "आपलं बाळ नऊ दिवस जगलं. ते उभं कधी राहिलं?"

भावोजींनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. शपथेवर सांगते, किती वाजले ते बघितलं त्या माणसाने.

मग मागून शेजारच्या म्हातारीचा मुलगा बोलला, की याच वरच्या रेघेच्या दिवशी आईला दारावर झोपवून नेलं. मग दुसरा बोलला. मग सगळेच. इंजिनीअरबाईने वह्या मिटून बाजूला सारल्या आणि पिशवीतून टेप काढला. त्याच दुपारी ती आमच्या घरी आली, चहाला नव्हे. लाकूड परत त्याच्या जागी उभं करून तिने रस्त्यापासून दुर्बिणीने पातळी घेतली. तिच्या कागदावर सतरा फूट एक इंच आलं. ताईच्या भाजीच्या सुरीचा आणि सरकारी यंत्राचा फरक एका इंचाचा.

भिंत एकोणीस फुटांची झाली. यंदा वादळ आलं तेव्हा पाणी तिच्या अंगावर दोन दिवस आपटत होतं, आणि ताई या बाजूला पीठ मळत होती.

भावोजींचं कुणी काही केलं नाही. नोकरी संपलेली, घड्याळ कोण काढून घेणार? इतिहासाची नवी प्रत लिहिणं चालू आहे. मी परवा डोकावले, तर त्यात भर पडली आहे: ‘प्रस्तुत लेखकाच्या दीर्घकालीन निरीक्षणांच्या आधारे येथे भक्कम भिंत उभारण्यात आली.’ वाचून मला राग यायला हवा होता, पण नुसती किळस आली.

चौकट ताईने परत बसवून घेतली, रंग न देता. त्यांचं जेवण, चहा, औषध सगळं वेळेवर देते, त्यात कसर नाही. फक्त त्या शनिवारपासून तिच्या तोंडातलं ‘अहो’ गेलं. मी पहिल्या दिवशी ऐकलं ते सांगते. चाळीस वर्षांच्या संसारातला नवरा टेबलाशी बसलेला, आणि ती दारातून, चौकटीला हात लावून, साऱ्या गावासारखी म्हणाली,

"पट्टीमास्तर, जेवायला बसा."

आणि ते बसले.